देऊळ, मंडळ, मठ आणि आपण: सीमाभागात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आमच्या गावच्या देवस्थान पंच कमिटीचा सहा वर्षं खजिनदार होतो आणि त्याच काळात वाचनालयाचा सेक्रेटरी. गाव बेळगाव तालुक्यातलं. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली लिहिलेलं आजूबाजूच्या कुठल्याही गावाला लागू पडेल. हे प्रश्न मला कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत, एसटीत, आणि एकदा तर दहाव्याच्या दिवशी नदीवर विचारले गेले. तीच तीच उत्तरं तोंडी देऊन कंटाळलो, म्हणून एकदाची लिहून काढली.

घटना आहे, मतदान आहे, ग्रामपंचायत आहे. मग मंडळं आणि देवस्थानं हवीत कशाला?

रात्री दोन वाजता गल्लीत कुणी गेलं तर काय होतं ते आठवा. पंधरा मिनिटांत चार पोरं दारात हजर असतात. एक जण लाकडाच्या वखारवाल्याला उठवायला जातो, एक जण कोल्हापूरच्या लेकीला फोन लावतो, एकाच्या हातात मंडळाची ताडपत्री असते. पुढचे तीन दिवस त्या घरात चूल पेटत नाही आणि कुणी उपाशीही राहत नाही. तहसीलदार कचेरी सकाळी दहाला उघडते, आणि उघडली तरी हे काम तिचं नव्हे.

घर आणि सरकार यांच्या मधल्या या पट्ट्यात माणूस कुणाच्या हुकमाशिवाय चार लोकांबरोबर काम करायला शिकतो. वर्गणी मागायला शिकतो, नकार ऐकायला शिकतो, बैठकीत हरूनही दुसऱ्या दिवशी मांडव घालायला येतो. घटनेच्या कलम १९ ने संघटना करण्याचा हक्क दिला आणि २०११ च्या ९७ व्या दुरुस्तीने त्यात सहकारी संस्थांचंही नाव घातलं. कलम २६ ने धर्मसंप्रदायांना आपला कारभार पाहण्याचा हक्क दिला. पण हक्क कागदावर असला तरी सवय गल्लीतच लागते.

मग सीमाभागातच मंडळांना इतकं वजन का? पुण्या-साताऱ्यात असं दिसत नाही.

कारण इथे सरकार दुसऱ्या भाषेत बोलतं. सात-बाराला इथे ‘उतारा’ म्हणतात, तो कन्नडमध्ये मिळतो. बसवरची पाटी कन्नड, वीजबिल कन्नड. ज्या म्हातारीला फक्त मराठी वाचता येतं तिचा सरकारशी व्यवहार मंडळातल्या एखाद्या पोराच्या मार्फत होतो. तो पोरगा तिचा तलाठी आणि तोच तिचा वकील.

याला इतिहास आहे. मे १९४६ मध्ये बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरलं आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथे झाला. म्हणजे एवढ्या मोठ्या राजकीय मागणीला पहिली बैठक मिळाली ती साहित्यिकांच्या मांडवात. १७ जानेवारी १९५६ ला बेळगावात आंदोलकांवर गोळीबार झाला, तो दिवस आम्ही अजून हुतात्मा दिन म्हणून पाळतो. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव, खानापूर, निपाणी म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेली. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला, तो महाराष्ट्राने मानला नाही. १९८६ च्या जूनमध्ये कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनात पुन्हा माणसं गेली. हिंडलग्याला त्यांचं स्मारक आहे. २००४ मध्ये महाराष्ट्राने सीमाभागासाठी सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. दोन पिढ्या निकालाची वाट पाहत म्हाताऱ्या झाल्या.

या सगळ्या काळात मराठी कुणी सांभाळली? वाचनालयांनी, भजनी मंडळांनी, तालमींनी. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा अशा गावांमध्ये साहित्य संमेलनं भरतात. सकाळी ग्रंथदिंडी निघते, पुढे लेझीम, मागे कलश घेतलेल्या बाया, पालखीत ज्ञानेश्वरी. मुंबईहून आलेले पाहुणे हे पाहून गहिवरतात. आम्हाला त्यांचं हसू येतं आणि बरंही वाटतं.

पण या वजनाची किंमत मोजावी लागते, आणि खालच्या जवळपास प्रत्येक उत्तरात ती निघेल. संस्थेवर भाषेचं ओझं आलं की तिला प्रश्न विचारणं गुन्हा ठरतं. ‘आपल्यातच भांडलो तर समोरचे हसतील.’ हे वाक्य मी इतक्या बैठकांत ऐकलंय की ते कोण बोलणार हे आता मला आधीच कळतं. बहुतेक वेळा बोलणाऱ्याकडे एखादा हिशेब थकलेला असतो.

देऊळ नक्की कुणाचं? गावाचं, पंचांचं, पुजाऱ्याचं की सरकारचं?

गावात विचाराल तर चार उत्तरं मिळतील. गुरव म्हणेल वहिवाट माझी. पाटील म्हणेल मान माझा. पंच म्हणतील कारभार आमचा. बाया काहीच म्हणणार नाहीत, पण रोज सकाळी गाभारा झाडणाऱ्या त्याच.

कायद्याचं थोडं सांगतो. बेळगाव मुंबई राज्यात असताना १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायदा इथे लागू होता, त्यामुळे जुन्या ट्रस्टच्या कागदांवर अजून तो उल्लेख सापडतो. आता हिंदू देवस्थानांसाठी कर्नाटकचा १९९७ चा धार्मिक संस्था व धर्मादाय कायदा आहे. त्याखालच्या खात्याला लोक ‘मुजराई’ म्हणतात. या खात्याकडे असलेली देवळं उत्पन्नाप्रमाणे तीन गटांत पडतात: वर्षाला २५ लाखांच्या वरची, ५ ते २५ लाखांची, आणि त्याखालची. गावातली बहुतेक तिसऱ्या गटात. अशा देवळावर नेमल्या जाणाऱ्या नऊ जणांच्या समितीत अनुसूचित जाती-जमातीचा किमान एक आणि बाया दोन असाव्यात, असं कायदा म्हणतो. मठांना हा कायदा लागू नाही.

गावकीची देवळं मात्र या खात्याच्या यादीत असतीलच असं नाही. पुष्कळ ठिकाणी जुनी पंच कमिटी वहिवाटीने चालते. म्हणून आधी आपलं देऊळ कुठे नोंदलंय ते पाहा: खात्याकडे, ट्रस्ट म्हणून, सोसायटी म्हणून, की कुठेच नाही. आमच्या देवळाची नोंद शोधायला मला दीड वर्ष लागलं. शेवटी एका माजी पंचाच्या माळ्यावर, दिवाळीच्या पणत्यांच्या खोक्यात, तो कागद सापडला.

सरकारने देवळात हात घालू नये असं तुमचं मत आहे का?

पूजा कशी करायची, नैवेद्य काय दाखवायचा, कौल कधी लावायचा, यात घालू नये. पैशात घालावा. १९५४ च्या शिरूर मठाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही रेघ साधारण अशीच ओढली: धर्माच्या बाबी मठाच्या, मालमत्तेचा कारभार कायद्याने नियंत्रित होऊ शकतो. तो मठ उडुपीचा. मालमत्ता म्हटली की देवाचाही सात-बारा होतो, आणि सात-बारा म्हटला की भाऊबंदकी आलीच.

यात्रेची पट्टी दिली नाही तर चालतं का?

कायद्याने चालतं. गावात चालतं का, ते गावावर.

आमच्याकडची लक्ष्मी यात्रा दरवर्षी होत नाही. काही गावांत पाच वर्षांनी, काहींत पंचवीस वर्षांनी. त्यामुळे ती आली की गाव वेडं होतं. मंगळवार-शुक्रवार ‘वार’ पाळले जातात, त्या दिवशी शेतात औत जात नाही. घरं रंगतात, सोसायट्यांतून कर्जं निघतात. देवी गदगेवर, म्हणजे यात्रेच्या चौथऱ्यावर, बसते तेव्हा अंगावर काटा येतो. मला तर दोन्ही यात्रांना आला. या सगळ्याला पैसा लागतो, म्हणून दर उंबऱ्याला पट्टी बसते.

गेल्या यात्रेला एका घराने नकार दिला. कर्ता माणूस म्हणाला, ‘पोरगा गेला त्या वर्षी मी देव सोडला. भांडण नाही कुणाशी, पण पैसे देणार नाही.’ पावती पुस्तक हातात घेऊन मी त्याच्या सोप्यात बसलो होतो. कार्बन पेपर त्या पानाखाली घालून ठेवला होता, तो मी काढून घेतला आणि उठलो. रात्री बैठकीत एकाने सुचवलं: त्यांच्या घरी यात्रेचं कुणी जेवायचं नाही, गिरणीवाल्याने त्यांचं दळण घ्यायचं नाही. ठराव लिहिला गेला नाही, कारण असे ठराव कधी लिहीत नसतात. मी गप्प बसलो. दोन दिवसांनी त्यांची सून पिठाचा डबा घेऊन शेजारच्या गावाला चाललेली दिसली. शेवटी भजनी मंडळातल्या बायकांनी हे मोडलं. सात-आठ जणी ठरवून तिच्यासोबत गिरणीत गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. गिरणीवाल्याने काही न बोलता डबा घेतला.

कायदा इथे जरा विचित्र आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तेव्हा बेळगाव मुंबई राज्यातच. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला: धार्मिक कारणाने समाजाबाहेर काढणं हा संप्रदायाच्या कारभाराचा भाग, असं म्हणून. सरन्यायाधीश सिन्हा यांनी वेगळं मत नोंदवलं. मला त्यांचंच पटतं. ज्याला समाजाबाहेर काढलं त्याला मशीद आणि कबरस्तानही बंद होत असेल, तर तो प्रश्न धर्मापुरता उरत नाही. पुढे महाराष्ट्राने २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. तो पलीकडे, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात चालतो. सीमेवरचा शिनोळीचा नाका ओलांडून अलीकडे आलात की त्या कायद्याचा कागद उपयोगाचा नाही. एकाच देवीचे भक्त, एकमेकांचे व्याही, पण वाळीत पडलेल्याचं संरक्षण बरीच वर्षं रस्त्याच्या कुठल्या बाजूला घर आहे त्यावर ठरत आलं. बहिष्कार दलित कुटुंबावर असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा दोन्हीकडे सारखा लागू आहे.

दलितांना आणि बायकांना यात्रेत मान किती?

प्रवेशाचा प्रश्न कायद्याने कधीच मिटवलाय. कलम १७ (अस्पृश्यता बंद), कलम २५ (देवळं सगळ्या हिंदूंना खुली करण्याची मुभा) आणि १९५८ चा मुल्कीच्या व्यंकटरमण देवस्थानाचा निकाल. देऊळ एका समाजाचं असलं तरी सार्वजनिक देवळात सगळ्या हिंदूंना जाता येतं; फक्त काही खास विधी त्या समाजापुरते ठेवता येतात, असं तो निकाल सांगतो.

मान हा वेगळा प्रश्न. आमच्या यात्रेत ढोल कुणी वाजवायचा हे ठरलेलं आहे आणि ओटी पहिली कुणी भरायची हेही ठरलेलं आहे. ढोल वाजवणाऱ्याच्या घरची ओटी पहिली झालेली मी पाहिली नाही. विधवांना तर रांगेत कुणी अडवत नाही, त्या स्वतःच मागे थांबतात. माझी आई वीस वर्षं मागे थांबली. गेल्या यात्रेला माझ्या बहिणीने तिचा हात धरून तिला पुढे नेलं. पुजाऱ्याने ओटी घेतली, आईच्या पदरात नारळ टाकला, बस्स. घरी येऊन आई म्हणाली, ‘कुणी काही म्हटलं नाही की गं.’ कुणीच नको म्हटलं नव्हतं आणि तरी वीस वर्षं गेली. याचा जाब कुणाला विचारायचा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

धार्मिक संस्थांनी समाजासाठी केलं तरी काय? सांगा एखादं नाव.

एक नव्हे, हवी तेवढी. निपाणीजवळच्या स्तवनिधीला १८९९ मध्ये दक्षिण भारत जैन सभा स्थापन झाली. तिने कोल्हापूर, सांगली, बेळगाव, हुबळीला बोर्डिंगं काढली. शेतकऱ्याच्या पोराला शहरात शिकायचं तर राहायचं कुठे, हा खरा प्रश्न होता, फीचा नंतर. बेळगावातलं सेंट पॉल हायस्कूल जेझुइटांनी १८५६ मध्ये काढलं. लिंगायत समाजातल्या सात शिक्षकांनी १९१६ मध्ये के.एल.ई. (कर्नाटक लिंगायत एज्युकेशन) संस्था सुरू केली, तिची आज कॉलेजं आणि दवाखाने आहेत आणि आमच्या गावातला मराठी माणूसही छातीत कळ आली की तिथेच पळतो. लिंगायत मठांच्या दासोहात, म्हणजे अन्नछत्रात, जेवून शिकलेले मराठे मला माहीत आहेत.

बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं. ते धार्मिक नव्हे, पण मी त्याला देवळाच्याच रांगेत बसवतो. चप्पल बाहेर काढायची सवय आमच्या वाचनालयातही आहे.

मग देवदासी? तीही धर्मसंस्थाच ना?

होय. हा प्रश्न विचारणाऱ्याला वाटतं मी टाळीन. सौंदत्तीची यल्लम्मा आमच्या जिल्ह्यातली; कोल्हापूर, सांगलीकडून गाड्या भरून लोक तिथे येतात. देवीला मुली सोडण्याची चाल याच श्रद्धेच्या आडोशाने टिकली आणि ज्या मुली सोडल्या गेल्या त्या बहुतेक दलित घरांतल्या. कर्नाटकने १९८२ चा बंदी कायदा केला, महाराष्ट्राने २००५ चा. ही चाल मोडायला आतून उठलेल्या बायकाच कामी आल्या, त्यांना संघटनांची साथ मिळाली. देवीची खूण मानलेल्या स्वतःच्या जटा कापून घेण्यासाठी खुर्चीवर बसणारी बाई देवीला घाबरत नव्हती असं कुणी समजू नये. घाबरत असतानाच ती बसली.

संस्था चांगली की वाईट हे ओळखायला मी एकच प्रश्न विचारतो: इथून उठून जाता येतं का? भजनी मंडळ सोडलं तर फार तर टाळ परत द्यावे लागतात. सोडलेल्या मुलीला उठून जायला वाटच ठेवलेली नव्हती.

आपण कर्नाटकात भाषिक अल्पसंख्याक. त्याचा संस्थांना फायदा काय?

आपल्या पसंतीची शाळा काढून चालवण्याचा कलम ३० चा हक्क. २००२ च्या टी. एम. ए. पै निकालानंतर अल्पसंख्याक कोण हे राज्याच्या पातळीवर ठरतं, म्हणून महाराष्ट्रात बहुसंख्य असलेले आपण इथे अल्पसंख्याक आहोत. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करावी असं कलम ३५० अ सांगतं. जुना ठरलेला आकडा असा की वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस मुलं असली तर सोय व्हावी. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के असतील तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही निघाव्यात, हेही १९५६ पासून ठरलेलं आहे. मिळतं का? ग्रामपंचायतीच्या भिंतीवर जाऊन बघा.

२०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्राथमिक शाळेत अमुकच माध्यम अशी सक्ती राज्याला करता येत नाही. हा निकाल कर्नाटकाच्या धोरणावर होता आणि त्याचा मोठा फायदा इंग्रजी शाळांना झाला. आमच्या गावची मराठी शाळा कन्नड सक्तीने रिकामी झाली असं भाषणात सांगतात. मी पटावर पाहिलंय, पोरं पिवळ्या व्हॅनमधून इंग्रजी शाळेला जातात. त्या व्हॅनमध्ये भाषण करणाऱ्यांचे नातूही असतात.

निपाणीला लागून असलेलं अर्जुननगरचं देवचंद कॉलेज एक मजेशीर उदाहरण आहे. कॉलेज कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, शिवाजी विद्यापीठाशी संलग्न. आणि तिथे निपाणीची पोरं चालत जातात. सीमेने जे तोडलं ते एका शिक्षणसंस्थेने चार पावलं पलीकडे इमारत बांधून जोडून टाकलं.

कन्नड शेजाऱ्यांचं काय? या सगळ्या तर मराठी माणसांच्याच संस्था झाल्या.

यात्रेला येऊन बघा. आमच्या रथाला लाकूड घालणारा सुतार कन्नड बोलतो आणि रथ ओढताना ‘उदे गं अंबे’ म्हणतो. आमच्या जिल्ह्यातल्या चिंचलीच्या मायाक्का देवीला महाराष्ट्रातून बैलगाड्या येतात. संकेश्वर-करवीर पीठाच्या नावातच दोन राज्यं आहेत: संकेश्वर इकडचं, करवीर म्हणजे कोल्हापूर. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसचे स्वागताध्यक्ष हुदलीचे गंगाधरराव देशपांडे. लोक त्यांना कर्नाटक सिंह म्हणत आणि आत्मचरित्र त्यांनी मराठीत लिहिलं. आज असा माणूस झाला तर दोन्हीकडचे त्याला आधी विचारतील, तू नक्की कुणाचा?

खरं सांगायचं तर आमच्या वाचनालयात कन्नड पुस्तकांचं एकही कपाट नव्हतं. मी ठेवू म्हटलं तेव्हा दोन महिने माझ्याशी कुणी नीट बोललं नाही. आपली भाषा दाबली जाते म्हणून आपण रस्त्यावर उतरतो, आणि आपल्याच गावातल्या वीस कन्नड घरांना वाचायला काही ठेवत नाही. कपाट अखेर आलं. छोटं आहे, दाराच्या मागे आहे.

देवस्थानाने किंवा मंडळाने निवडणुकीत पाठिंबा द्यावा का?

देवस्थानाने नाही. १९८८ चा धार्मिक संस्था गैरवापर प्रतिबंधक कायदा देवळाची जागा पक्षाच्या कामाला वापरू देत नाही. धर्म, जात, भाषेच्या नावाने मत मागणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याने भ्रष्ट आचार आहे, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या खंडपीठाने त्याचा अर्थ आणखी व्यापक केला. यात आमच्यासाठी एक बारीक गोष्ट आहे. भाषा टिकवण्यासाठी काम करू असं सांगणं मात्र भ्रष्ट आचार नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्येच म्हटलंय. ‘मराठी शाळा वाचवीन’ म्हणणं आणि ‘मराठी आहेस तर मलाच मत दे’ म्हणणं यातला फरक सभेत टाळ्यांच्या आवाजात कळत नाही, एवढंच.

तरुण मंडळ म्हणजे डॉल्बी आणि डिजिटल बॅनर, असं नाही का?

बऱ्याच अंशी तसंच आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी. राज्य सरकार वर्षातून फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. पण पूर आला तेव्हा कंबरभर पाण्यात दोर बांधून म्हातारी माणसं बाहेर काढणारी पोरं तीच होती, डॉल्बीवाली. मी दोन्ही पाहिलंय म्हणून एका शब्दात उत्तर देत नाही.

‘आपल्या माणसांची’ पतसंस्था जास्त भरवशाची असते का?

माझ्या चुलत्याने रिटायरमेंटचे पैसे अशाच एका सोसायटीत ठेवले. चेअरमन गल्लीतला, भिंतीवर शिवाजी महाराजांचा मोठा फोटो, व्याज बँकेपेक्षा दोन टक्के जास्त. एक दिवस शटर अर्ध्यावर आलं आणि मग पूर्णच. पहिल्या वर्षी कुणी तक्रार केली नाही. का? ‘आपली संस्था आहे, बदनामी नको.’ संस्था नोंदवलेली असेल तर ऑडिट अहवाल मागा. चेअरमनने रागाने बघितलं तर पैसे काढून घ्या.

नवीन मंडळ नोंदवायचं आहे. काय करू?

सात किंवा जास्त माणसं जमवा, नियमावली लिहा, कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा १९६० खाली जिल्हा निबंधकांकडे द्या. वर्षाला सर्वसाधारण सभा घ्या, तपासलेला हिशेब आणि कार्यकारिणीची यादी दाखल करत जा. कागद कन्नडमध्ये भरावे लागतात. कन्नड चांगली येणारा एक सभासद घ्याच, आणि त्याला नुसता लिहायला बसवू नका, पदाधिकारी करा.

हिशेब मागितला तर लोक वैर धरतात. मागायचा तरी कसा?

मी केलं ते सांगतो. खजिनदार झाल्यावर पहिल्या वर्षी हिशेब सूचना फलकावर लावला. कुणी वाचला नाही. दुसऱ्या वर्षी व्हॉट्सअॅपवर टाकला. खाली चाळीस जणांनी हात जोडले, वाचला कुणीच नाही. तिसऱ्या वर्षी अमावास्येच्या आरतीनंतर, प्रसाद वाटायच्या आधी, उभा राहून मोठ्याने वाचायला लागलो. प्रसादासाठी लोकांना थांबावं लागतंच.

पहिल्यांदा माझा आवाज कापत होता. रथाची दुरुस्ती, मांडववाला, भटजींची दक्षिणा, लाइट बिल. मग आलं ‘समईचं तेल, ३४० रुपये’. मागून एक म्हातारी म्हणाली, ‘तेल तर मी घालते रोज, घरचं.’ देवळात एकदम शांतता. मी वही उलटली, पावती शोधली. पावती होती, दुकानाच्या शिक्क्यासह, पण तेल कुणी नेलं ते तिच्यावर लिहिलेलं नव्हतं. पंचांपैकी एक जण घसा खाकरून म्हणाला, पुढचं वाचा. म्हातारी म्हणाली, ‘पुढचं मागनं. आधी तेलाचं सांगा.’